पाय कुठे संपले? नेरुळच्या एका सायकलपटूची घाट-शर्यत

शर्यत हौशी सायकलपटूंची होती. पनवेलजवळच्या पळस्प्याहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटर सपाटी, मग खोपोलीतून बोरघाटात सुमारे साडेचार किलोमीटर चढ. अंतिम रेषा घाटातच, जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो त्याच्या बराच अलीकडे. नेरुळची एक स्पर्धक खोपोलीपर्यंत पहिल्या घोळक्यात होती. नुसती होती असं नाही, अर्धा वेळ घोळक्याच्या तोंडावर होती. घाट लागल्यावर पहिला किलोमीटरभर तिने पुढच्यांचं चाक सोडलं नाही. दुसऱ्या किलोमीटरला चार सायकलींचं अंतर पडलं, मग एका वळणाचं, मग पुढचे दिसेनासे झाले. सपाटीवर तिने ज्यांना आपल्या मागे बसवून आणलं होतं, त्यांतले बहुतेक जण तिच्या पाच-सहा मिनिटं आधी वर पोचले.

आमच्या गटातल्या नव्या लोकांच्या सरावाचं वेळापत्रक मी बघतो, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. ती वर पोचल्यावर एवढंच म्हणाली, "काका, पाय संपले." पाय संपले हे दिसतच होतं. कुठे संपले, हा खरा प्रश्न होता.

तिची माहिती थोडक्यात. वय ४१, वजन ६२ किलो. वाशीच्या मसाला मार्केटात एका व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळते. गटात सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. ॲल्युमिनियमची रोड बाईक, साडेदहा किलोची, मागे आठ गिअर. सराव पहाटे पाम बीच रोडवर, वाशी ते बेलापूर आणि परत. या रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस सपाटीवर चांगला तयार होतो, कारण तिथे चढ म्हणावा असं काही नाही. खाडीकडून वारा असला की त्याच्याशी झुंजायची सवयही लागते. ताई तिथे कोणाला हार जात नव्हती. त्यामुळे घाटात तिचं जे झालं त्याचं सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, आणि निदानं भराभर आली.

चहाच्या टपरीवरची निदानं

पहिलं निदान सायकलीचं. "ताई, कार्बनची घ्या. दीड किलो तरी कमी होईल." हे निदान तपासायला सोपं आहे. चढावर लागणारी ताकद जवळजवळ एकूण वजनाच्या प्रमाणात बदलते. ताई, सायकल, दोन बाटल्या पाणी, बूट, हेल्मेट, पंक्चरचं सामान मिळून साधारण ७६ किलो. त्यातून दीड किलो गेलं तर जेमतेम २ टक्के. तिला घाटात ३१ मिनिटं लागली होती. २ टक्के म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मागे पडली पाच-सहा मिनिटं. लाखाच्या वर खर्च करून अर्धं मिनिट घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, हौसेला मोल नसतं. पण या प्रकरणाचं उत्तर ते नव्हे.

दुसरं निदान खाण्याचं. पहाटे चहा आणि चार बिस्किटं खाऊन ती निघाली होती, वाटेत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. हे चुकीचंच होतं. पण पावणेदोन तासांच्याही आत संपणाऱ्या शर्यतीत, आदल्या रात्री नीट जेवलेल्या माणसाच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, सहसा तळाला जात नाही. साठा रिकामा झाला की डोकं हलकं होतं, चिडचिड होते, हातापायांत थरथर येते. ताईला यांतलं काही झालं नव्हतं. मांड्या पेटल्या होत्या आणि श्वास आवरत नव्हता. ही उपासमारीची लक्षणं नाहीत, आपल्या कुवतीच्या वर बराच वेळ राहिल्याची आहेत.

तिसरं निदान एका जाडजूड अनुभवी गृहस्थांचं: "घाट हा प्रत्येकाचा नसतो." यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. ते स्वतः ताईच्या चार मिनिटं आधी वर पोचले होते, आणि वजन तिच्याहून बरंच जास्त. घाट त्यांचाही नव्हताच. तरी ते पुढे होते, आणि नेमकं याच गोष्टीने माझं लक्ष वेधलं. सपाटीवरचा संपूर्ण तास ते ताईच्या मागच्या चाकाला होते.

मीटरमधली नोंद

ताईकडे वॉटमीटर, म्हणजे पाय किती ताकद लावतात ते मोजणारा मीटर, नव्हता. वेग, उंची आणि छातीवरच्या पट्ट्याने नोंदलेले हृदयाचे ठोके एवढंच होतं. पण चढावर वॉटमीटर नसला तरी हिशेब बऱ्यापैकी जमतो, कारण तिथे मुख्य खर्च गुरुत्वाकर्षणाचा असतो. वजन, चढाची टक्केवारी आणि वेग माहीत असला की झालं. हिशेब तिनेच मांडला, मी फक्त सूत्र दिलं. आकडे मांडण्यात आमच्या गटात तिचा हात कोणी धरत नाही.

चढ सरासरी ६ टक्के धरला. ताशी १३ किलोमीटरने चढायला तिला सुमारे १८५ वॉट लागतात. साडेदहाने चढायला १४७. आठने चढायला ११०. घाटाचा पहिला किलोमीटर ती पुढच्यांबरोबर तेराने गेली होती, उरलेला साडेतीन किलोमीटर आठच्या आसपास. सगळा घाट जर ती एकसारखा साडेदहाने चढली असती तर २६ मिनिटांत वर पोचली असती. पाच मिनिटं इथेच सापडली. घाटाच्या पायथ्याशी घाई करणं ही जुनीच गोष्ट आहे, त्यावर कोणी फार चर्चा करणार नाही.

पण तिला साडेदहाने सलग चढता आलं असतं का? पहिला किलोमीटर जपून गेली असती तरी? इथे हृदयाचे ठोके बोलले. ताज्या पायांनी घाटाला भिडणाऱ्या माणसाचे ठोके पहिल्या दोन-तीन मिनिटांत हळूहळू वर चढत जातात. तिचे खोपोली गावात शिरतानाच त्या उंचीवर होते. घाटाने ते चढवले नव्हते, आधीच चढलेले होते.

मग सपाटीचा हिशेब मांडला. ताशी ३० किलोमीटरने सपाटीवर जाताना वजनाला फारशी किंमत नसते, सगळी झुंज हवेशी. घोळक्याच्या तोंडावर तिला साधारण १५५ वॉट खर्च येत होता. त्याच वेगाने दुसऱ्याच्या चाकामागे बसलं तर १२० च्या आसपास, कारण पुढचा माणूस हवा फोडून देतो. आता १५५ हा आकडा घाटातल्या १४७ च्या शेजारी ठेवून बघा. साडेदहाने बोरघाट चढायला जितकी ताकद लागते, त्याहून थोडी जास्तच ती पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर असं करत निम्मा तास खर्चत आली होती. एक घाट तिने सपाटीवरच चढून टाकला होता, तोही कोणाच्या टाळ्या न मिळवता. खोपोलीला जो आला तो दुसरा घाट.

हा हिशेब बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी त्यांना फुकट आणून सोडलं." शब्द जरा कडक होते, पण हिशेबनीसाला शोभणारे.

ती पुढे का राहिली हेही विचारलं. उत्तर साधं होतं. पाम बीचला ती नेहमी पुढेच असते. मागे बसायची सवय नाही, दुसऱ्याच्या चाकापासून हातभर अंतरावर राहायची भीती वाटते. पुढचा अचानक ब्रेक दाबेल, खड्डा दिसणार नाही, असं वाटतं. शिवाय मागे बसणं तिला कामचुकारपणा वाटत होतं. एकटीने किंवा दोघा-तिघांत सराव करणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. पाय तयार होतात, पण घोळक्यात राहण्याची कला राहून जाते. ती कला शिकवायला घाट लागत नाही, माणसं लागतात.

दात्यांचा प्रश्न

दुसरी गोष्ट गिअरची, आणि ही मला जास्त रंजक वाटते, कारण दुकानदार आणि गटातले जाणकार दोघेही इथे घसरतात.

ताईच्या सायकलीला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११ ते २८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या लहान-मोठ्या दातेरी चकत्यांचा संच. सर्वांत हलका गिअर म्हणजे पुढे ३४, मागे २८. ७०० मापाच्या चाकाचा घेर टायरसकट साधारण २.१ मीटर. पायडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या थोडं वर जाते. ताशी १० किलोमीटरला मिनिटाला ६५ फेऱ्या. आठला आल्यावर ५२. ती सपाटीवर ८५-९० फेऱ्यांवर चालवणारी बाई. घाटात शेवटी पन्नाशीत आली म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर आणि मांडीवर पडणारा जोर किती वाढला ते बघा. शिवाय चढावर सायकलीला गती धरून ठेवता येत नाही. पायडल वर-खाली असताना, जिथे जोर लागत नाही त्या क्षणी, ती लगेच मंदावते, आणि पुढच्या जोराला पुन्हा ओढून घ्यावी लागते. सपाटीवर हे जाणवत नाही. म्हणून पाम बीचवर १५० वॉट सहज काढणारा माणूस घाटात त्याच १५० ला दमतो. ताकद तीच असते, पण पाय ती वेगळ्या प्रकारे देत असतात.

तेव्हा मोठी कॅसेट हवी हे उघड. दुकानदाराने ११ ते ३४ ची सुचवली. मागे ३४ म्हणजे पुढच्या ३४ शी एकास एक, दहाच्या वेगाला जवळजवळ ८० फेऱ्या. ऐकायला उत्तम. पण आठ गिअरच्या त्या कॅसेटचे दाते मोजले तर ११, १३, १५, १७, २०, २३, २६ आणि मग एकदम ३४. शेवटच्या दोन गिअरांमध्ये एवढी मोठी उडी. २६ वर दहाच्या वेगाला ६१ फेऱ्या, ३४ वर ७९. बोरघाटासारख्या पाच-सहा टक्क्यांच्या चढावर माणूस नेमका या दोहोंच्या मध्ये लटकतो. एक जड, दुसरा इतका हलका की पाय रिकामे फिरल्यासारखे वाटतात.

शेवटी ११ ते ३२ ची घेतली: ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. सर्वांत हलका गिअर ३४ इतका हलका नाही, पण पायऱ्या सारख्या. साडेदहाच्या वेगाला ७८ फेऱ्या, तिच्या पायांना हव्या तेवढ्या. लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लागला आणि चेन नवीन, थोडी लांब. कार्बनच्या सायकलीच्या मानाने खर्च किरकोळ. फरक मात्र पहिल्याच रविवारी पडला.

सराव

वेळापत्रकात फार काही विशेष केलं नाही. आठवड्यातून एकदा खारघरच्या टेकडीवर चढ, एकसारख्या वेगाने, पहिली दोन मिनिटं मुद्दाम कंटाळा येईल इतकी हळू. वेळ कमी असेल त्या दिवशी बेलापूरचा पारसिक हिल. चढ छोटा पण खडा आहे, तिथे पुन्हा पुन्हा जायचं आणि उतरताना श्वास पूर्ण खाली आणायचा. वर-खाली करून पोहे पचले नाहीत तर थांबायचं, हा माझा नियम. शर्यतीआधी पोहे दोन तास आधी, वाटेत दर अर्ध्या तासाला थोडं काहीतरी: केळं, गुळाची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. पाण्यात मीठ-साखर, कारण नवी मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. सपाटीवर निदान वारा लागतो. घाटात वेग इतका कमी की वारा नाहीच, आणि शरीर जेवढं काम करतं त्याच्या तिपटीने उष्णता तयार करत असतं.

खरा वेळ घालवला तो चाकामागे बसण्यावर. पाम बीचवर पहाटे, गाड्या नसताना, चौघांची रांग. पुढच्याच्या टायरकडे बघायचं नाही, त्याच्या खांद्यावरून पुढे रस्ता बघायचा. ब्रेकऐवजी पायडल थांबवायचं किंवा जरा बाजूला सरून हवा अंगावर घ्यायची, वेग आपोआप कमी होतो. पुढच्याने खड्डा दिसताच हात खाली करून दाखवायचा. पाम बीचवर हा सराव करताना मला भीती सायकलींची नसते, मागून शंभराच्या वर येणाऱ्या मोटारींची असते. म्हणून साडेसहानंतर रांग मोडायची, हे ठरलेलं. ताईला पहिले काही दिवस घाम फुटला. नंतर सराव झाल्यावर तिनेच एकाला रागावून सांगितलं, की ब्रेकला हात लावू नकोस.

दुसरी शर्यत

पुढच्या हंगामात तीच शर्यत, तोच रस्ता. पहाटे तिथे डोंगराकडून थोडा वारा येतो, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्यांना समोरून. हवा फोडणाऱ्याचा खर्च त्यामुळे आणखी वाढतो. खालापूरपर्यंत ताई पहिल्या घोळक्यात तिसऱ्या ते आठव्या जागेच्या दरम्यान राहिली. पाळी आली की पुढे जायची, थोडा वेळ ओढायची, बाजूला होऊन पुन्हा रांगेत. चौकजवळ इर्शाळगड डाव्या हाताला उजळत होता, म्हणे. मागच्या वेळी तो तिला दिसलाही नव्हता.

एक गोष्ट मात्र आम्ही पुरती हिशेबात धरली नव्हती: खोपोली गाव. गावातले गतिरोधक आणि वळणं. घोळक्यात पुढचा थोडा ब्रेक लावतो, त्याच्या मागचा जरा जास्त, दहाव्या जागेवरचा जवळजवळ थांबतो. मग पुढचा वेग घेतो आणि दहाव्याला उडी मारून अंतर भरावं लागतं. असं प्रत्येक गतिरोधकाला. मागे बसून वाचवलेलं सगळं इथे पाच मिनिटांत फुंकता येतं. ताई खालापूरनंतर जरा मागे सरकली होती आणि गावात तिला दोनदा अशा उड्या माराव्या लागल्या. चाकामागे लपायचं ते पुढच्या सात-आठांत, त्याच्या मागे नव्हे, हे या शर्यतीने शिकवलं.

घाटात तिने पुढच्यांना जाऊ दिलं. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. आपल्याहून जड माणसं बाजूने निघून जातात आणि आपण साडेदहाचा काटा बघत बसतो. शिंग्रोबाचं देऊळ याच घाटात आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात, आणि गाडीवाले जाताना नाणं टाकतात. ताई म्हणाली की मनात ती त्यालाच विनवत होती, पुढच्यांचे पाय संपू देत म्हणून. दुसऱ्या निम्म्यात ते खरोखरच संपायला लागले, एकेक करून. घाटाला २६ मिनिटं लागली. मुंबई-पुणे शर्यतीत याच घाटात सर्वांच्या पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. ताईचा क्रमांक त्याच्या जवळपासही नव्हता, मधल्या फळीतला होता. पण ज्यांना तिने मागच्या वेळी ओढून आणलं होतं, त्यांतले बरेच जण यावेळी तिच्या मागे होते.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा वेगळाच आहे. खारघरच्या टेकडीवरची तिची वेळ त्या वर्षभरात फारशी बदलली नव्हती. ताकद जवळपास तीच, सायकल तीच, वजन तेच. पाच मिनिटं आली ती तिने ताकद कुठे खर्चायची हे बदलल्यामुळे, आणि थोडी कॅसेटमुळे.

शर्यत संपल्यावर खाली खोपोलीत मिसळ खाताना ते जाडजूड गृहस्थ भेटले. "ताई, यावेळी पुढे आलाच नाहीत हो," असं म्हणाले. तक्रारीचा सूर होता. यावर आमच्या गटात अजून दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, हौशी शर्यतीत कोणाच्या चाकाला चिकटून राहणं शोभत नाही. माझं मत उलट आहे. पाळीपाळीने पुढे येणं हा नियम, आणि ती पाळीला येत होती, थोडा वेळ का होईना. तासभर एकट्याने ओढणं हा नियम नाही, आणि ती उदारता घाटात कोणी परत करत नाही.

राहिला प्रश्न उताराचा. अंतिम रेषा घाटात असली तरी परत खाली यावंच लागतं, आणि ताई उतारावर अजून दोन्ही ब्रेक सतत धरून येते. तिच्या सायकलीला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. सतत धरले की रिम तापते, आणि लांब उतारावर ते बरं नव्हे. वळणाआधी ब्रेक दाबून सोडायचे, वळणात बाहेरचा पाय खाली ठेवून जोर त्यावर द्यायचा, हे तिला तोंडपाठ आहे, पण वळण समोर आलं की हात ऐकत नाहीत. आता माळशेज घाटाची गोष्ट चालली आहे. तिथे चढ आणि उतार दोन्ही लांब. ३४ च्या कॅसेटचा विषय पुन्हा निघाला आहे, आणि दुकानदार खूश आहे. मी म्हटलं, आधी पारसिक हिलवरून दहा वेळा नीट उतरून दाखव, मग बघू.